कुसळ धरण्याआधी

नालासोपारा स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘गास’ म्हटलं, की नव्याने आलेला रिक्षावाला मागे वळून विचारतो, “घास? कौनसी घास?” हा विनोद आम्हा गावकऱ्यांना आता पाठ झाला आहे. गावाच्या नावाचा गवताशी संबंध आहे, असा माझा काही दावा नाही. पण गवतावरच्या पुस्तिकेची प्रस्तावना गासमध्येच बसून लिहायची वेळ आली, तेव्हा पहिल्यांदा तो रिक्षावालाच आठवला. त्याला इतकी वर्षं द्यायचं राहिलेलं उत्तर एकदा देऊन टाकतो: कुसळी.

खरं म्हणजे गास हे कुसळीचं गाव नव्हे. इथे केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाल्याच्या वाड्या, आणि वाड्या संपल्या की खार. वाडीतल्या माणसाचं गवताशी जन्माचं वैर. हरळी दिसली की खुरपं घ्यायचं, लव्हाळा दिसला की कपाळाला हात लावायचा. रेल्वेच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगररांगेत, जिथे उतारावर मुरूम उघडा पडलेला असतो आणि झाडं विरळ असतात, तिथे कुसळीचं खरं राज्य. लहानपणी आम्ही डोंगरावर जायचो ते महाशिवरात्रीच्या जत्रेला, आणि परतताना लेंग्याच्या पायांत अडकलेली कुसळं घरी घेऊन यायचो. आता ती आणायला डोंगरावर जावं लागत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सखल जमिनींवर भराव पडत गेला, रस्ते उंच झाले, आणि मुरमाच्या त्या ढिगांच्या कडेला पावसाळ्याअखेरीस तांबूस शेंड्यांचे झुबके डुलू लागले. डोंगर पोखरून मुरूम आला, मुरमाबरोबर कुसळीचं बी आलं. हा माझा कयास आहे, पण भरावाच्या कडेने एकदा चालून पाहा, तुमचाही तोच होईल.

गवत नवं असलं तरी शब्द जुना आहे. आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण मराठी घरांत सर्रास चालते. आमच्या गावात ती आणखी एका ठिकाणाहून कानावर येते. मराठी बायबलातही हेच दोन शब्द आहेत, त्यामुळे चर्चमधल्या प्रवचनात वर्षातून एकदा तरी कुसळ निघतंच. कुसळ म्हणजे भाताच्या, गव्हाच्या, गवताच्या दाण्याला असलेला ताठ केस. ज्या गवताला तो इतका लांब आणि टोचरा असतो की सगळ्या झाडाची ओळखच तो बनतो, ते कुसळी. शास्त्रज्ञांनीही नाव ठेवताना तिथेच बोट ठेवलं. लिनिअसने १७५३ साली त्याला जे विशेषण दिलं ते ‘कॉन्टॉर्टस’, म्हणजे पिळलेलं. पुढे ते ‘हेटेरोपोगॉन’ या प्रजातीत गेलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वेगळ्या दाढीचं’. त्याच्या कणसात खालची फुलं बिनकुसळाची असतात आणि वरच्यांना लांब काळसर कुसळ असतं, म्हणून ही निराळी दाढी.

कुसळ उगवलेलं नसताना हे गवत ओळखणं जमलं पाहिजे, कारण त्याचा उपयोग तेव्हाच असतो. बुंध्याशी बोटं लावून पाहावी. खोडाला वेढणारं पान तिथे गोल नसतं, चपटं असतं, दुमडून मधोमध धार काढल्यासारखं. पानाचं टोक अणकुचीदार नसतं, होडीच्या नाळेसारखं बोथट असतं. थोंब जुना असला तर त्याच्या पोटात गेल्या वर्षीची करडी पाती सापडतात. हे वर्षायू गवत नाही. एक थोंब वर्षानुवर्षं त्याच जागी बसून असतो, आणि उंचीने माणसाच्या कमरेपर्यंत, चांगल्या जमिनीत छातीपर्यंतही जातो.

आता ते कुसळ. त्याच्या वेदना सगळ्यांना ठाऊक आहेत, कारागिरी फार थोड्यांना. दाण्याच्या बुडाशी सुईसारखं टोक असतं आणि त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस. टोक आत शिरू शकतं, पण केसांमुळे मागे येऊ शकत नाही. दाण्याच्या वरचं कुसळ खालच्या भागात दोरासारखं पिळलेलं आणि मध्येच गुडघ्यासारखं वाकलेलं असतं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा पडतो. वरचं वाकलेलं टोक आजूबाजूच्या काडीकचऱ्याला टेकलं, की ही सगळी फिरकी खालच्या दाण्यात उतरते आणि दाणा गिरमिटासारखा मातीत शिरतो. रात्री दव, दिवसा ऊन, पुन्हा दव. प्रत्येक फेरीत तो थोडा आणखी खोल जातो. मेंढीच्या लोकरीतून कातडीत आणि आपल्या मोज्यातून पायात तो ज्या तंत्राने जातो ते हेच. मातीऐवजी आपण मध्ये आलो, एवढाच त्याचा अपराध. एक पिकलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते जिवंत अळीसारखं वळवळू लागतं. शाळेतल्या मुलांना मी हा प्रयोग दाखवतो, आणि नंतर तासभर त्यांना दुसरं काही शिकवता येत नाही.

या वळवळण्याचा उपयोग एका साहेबाने करून घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट हेन्री केटरने हवेतली आर्द्रता मोजण्याचं यंत्र बनवलं. त्यात काटा फिरवण्यासाठी त्याने म्हैसूर भागातल्या रानगवताचं कुसळ लावलं. ते गवत हेच. जनावरांच्या तोंडाला टोचणारी दाढी हवेचा ओलावा चपळपणे टिपत होती. केटरचं नाव पुढे लंबकाच्या प्रयोगांमुळे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत राहिलं. कुसळी तिथवर पोहोचली नाही.

‘दुष्काळ सोसणारं गवत’ असं म्हटलं की वसईचा माणूस हसतो. इथे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सनसिटीकडून गासकडे येणारा रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, मग दुष्काळ कसला? पण पंचांग उघडून पाहिलं की हिशेब बदलतो. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने कोरडे. डोंगरउतारावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि कातळ. तिथे पडलेलं पाणी थांबत नाही, दिवाळीनंतर पंधरवड्यात जमीन खडखडीत होते. तिथल्या गवताच्या वाट्याला दुष्काळ अधूनमधून येत नाही, तो दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येतो. वाडीतल्या केळीला विहिरीचं पाणी मिळतं. विहिरीच नसत्या तर वसईची हिरवाई किती दिवस टिकली असती, हे ज्यांनी विहिरींचं पाणी उपसून नेणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्धचं आंदोलन पाहिलं त्यांना सांगायला नको. कुसळीला विहीर नाही. ती चार महिन्यांत वाढते, फुलते, बी टाकते, आणि पाऊस गेला की वरचं सगळं सोडून देते. पाती तांबडी होऊन वाळतात, जीव खाली बुंध्यातल्या डोळ्यांत आणि मुळांत राहतो. वणवा आला तरी तो पानांवरून भर्रकन निघून जातो. थोंबातले डोळे बहुतेक वाचतात आणि गिरमिटाने आधीच मातीत गेलेलं बी वाचतं. मे अखेरीस वळवाची एखादी सर पडली की काळ्या उतारावर पहिली हिरवी रेघ कुसळीची असते.

जाता जाता खाराबद्दल. खारातल्या गवताला पाण्यात उभं राहून तहान सोसावी लागते. पाणी आहे, पण मिठामुळे ते मुळांना ओढून घेता येत नाही. खारगवतांची ती कोरड निराळी, आणि त्यांच्यासाठी निराळी पुस्तिका लागेल. इथे एवढंच नोंदवतो, की गासच्या एका बाजूला ओली कोरड आहे आणि समोरच्या डोंगरावर सुकी.

कुसळीच्या उपयोगांबद्दल लिहिताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, आणि ही पुस्तिकाही त्याच एका गोष्टीभोवती फिरते: या गवताची किंमत महिन्यावर ठरते. आषाढ-श्रावणात ते कोवळं, रसाळ, गाय-म्हैस चवीने खाईल असं. भाद्रपदात ते पोटरीवर येतं, आणि वैरण म्हणून ते कापायची उत्तम वेळ हीच. आश्विनात कुसळ धरलं की तेच गवत जनावरांच्या हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत रुततं, जखमा होतात, त्या चिघळतात. कार्तिक उलटला की कुसळं झडून जातात. मग काडी उरते: कणखर, कमी कसाची, पण छपरासाठी झकास. म्हणजे एकच झाड पाच महिन्यांत चारा, हत्यार आणि घरावरचं छप्पर होतं. ते वाईट आहे की चांगलं, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुम्ही कधी कापलंत?

यातली खरी गोम पावसात आहे. भाद्रपदात कापलं तर कस उत्तम, पण वाळवायला ऊन नसतं, गवत कुजतं. आश्विनात ऊन असतं, तर कुसळ आलेलं असतं. या दोहोंमध्ये उघडिपीचे जे मोजके दिवस मिळतात, त्यांच्यावर शेतकऱ्याचं वर्ष तोललेलं असतं. हल्ली खड्ड्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद दाबून मुरघास करता येतो. मुरघासाला कडक ऊन लागत नाही, थोडं सुकवलेलं हिरवं गवत चालतं. त्यासाठी सगळे मका लावायला सांगतात. पोटरीवरच्या डोंगरी गवताचाही मुरघास होतो हे सांगणारे कमी, कारण त्यात बियाणं विकायचं नसतं.

त्या मोजक्या दिवसांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा इतिहासही एकदा हलवला आहे. मुंबई शहर एके काळी जनावरांवर चालत होतं. ट्राममध्ये बसून फिरणारा मुंबईकर १८७४ ते १९०५ या काळात घोड्यांच्या जिवावर फिरत होता. व्हिक्टोरिया घोडागाड्या, बैलगाड्या, लष्कराची घोडदळं, आणि उपनगरांतले म्हशींचे तबेले या सगळ्यांची पोटं भरायला गवत लागायचं, आणि ते ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून यायचं. १८६४ साली मुंबई ते अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाला आणि त्याच्या कडेच्या स्टेशनांवर गवताच्या गंजी उभ्या राहू लागल्या. दाबयंत्रात गवत आवळून गासड्या बांधायच्या, वाघिणीत भरायच्या, मुंबईला धाडायच्या. या धंद्यात पैसा होता. जमीनदार आणि व्यापारी मिळवत होते. विळा मात्र वारल्यांच्या हातात होता, आणि त्या हाताला मिळणारी मजुरी नावापुरती.

१९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांची संघटना बांधली. आधी लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणारी लग्नगडीची प्रथा आणि वेठबिगार मोडली गेली. मग पाऊस सरता सरता गवत कापणीचा हंगाम आला, आणि वारल्यांनी विळा खाली ठेवला. मागणी साधी होती: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. वर्षभरात संप कधीही करता आला असता, तो नेमका तेव्हा झाला यात मला त्या माणसांचं गवताबद्दलचं ज्ञान दिसतं. आंदोलनावर लिहिणारे बहुतेक लोक संघटनेबद्दल लिहितात, ते योग्यच. पण ज्याने आयुष्यभर हे गवत कापलं त्याला माहीत होतं, की मालकाच्या हातात मोजके दिवस आहेत. कुसळ धरलं की तबेलेवाला गवत परत पाठवतो, वाळून पडलं की वजन जातं, वणवा लागला की काहीच उरत नाही. कारखान्याचा मालक टाळं लावून महिनाभर वाट पाहू शकतो, गवताचा मालक पाहू शकत नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चौघे मारले गेले. तारीख पाहा. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, कापणी ऐन भरात. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सगळा लढा सांगितला. १९७० सालच्या या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाने ते माणसांचं पुस्तक म्हणून वाचलं आहे. गवत डोळ्यांसमोर ठेवून ते पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी विनंती आहे.

बाकीचे उपयोग घरगुती आहेत. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेली भिंत आणि वर गवताने शाकारलेलं छप्पर, हे वारल्यांचं जुनं घर. वारली चित्रांतला घराचा त्रिकोण म्हणजे हे छप्पर. शाकारायला कुसळं झडलेली लांब काडी घेतात, पेंढ्या एकीवर एक चढवत नेतात, आणि उतार इतका तीव्र ठेवतात की पाणी काडीवर थांबू नये. पूर्व पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यातही पालापाचोळ्याबरोबर गवत जातं. आमच्या वाडीवाल्यांनी केळीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून वाळलं गवत घालून पाहिलं आहे. ते उत्तम टिकतं, ओल धरून ठेवतं. पण कुसळासकट आणलं तर पुढच्या वर्षी वाडीत अनवाणी चालायची सोय राहत नाही. हे मी स्वतःच्या पायांनी शिकलो.

एक गोष्ट कुसळीच्या चाहत्यानेही मान्य केली पाहिजे. सगळा डोंगर कुसळीने भरलेला असणं हे चांगलं लक्षण नाही. भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी पाहणी दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली पुस्तकरूपाने मांडली, तिच्यात महाराष्ट्राचा बहुतेक भाग ‘सेहिमा-डायकँथियम’ पट्ट्यात येतो. सेहिमा म्हणजे आपला पवना, डायकँथियम म्हणजे मारवेल, दोन्ही गुरांची आवडती. चराई हाताबाहेर गेली की ही दोन आधी संपतात, कारण जनावर निवडून तीच खातं. त्यांच्या जागी कुसळी पसरते. तीही तुडवली गेली की हलकी वर्षायू गवतं येतात, आणि त्यानंतर नुसता मुरूम. म्हणून डोंगराकडे पाहताना कुसळी हा मधला टप्पा समजावा. इथून वर चढता येतं, खालीही घसरता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत. पडीक बांधावर त्यांचे ठोंब लावले तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसतो. कुसळीचं सुधारित वाण मागायला कोणी जात नाही, आणि तशी गरजही नाही.

ज्यांना ओळख पक्की करायची आहे त्यांनी दोन ग्रंथ पाहावेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅक्कान यांचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ १९३५ साली निघाला. ब्लॅटर तो पाहायला राहिले नाहीत, आदल्या वर्षीच ते गेले. दुसरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा २०१२ सालचा ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’, पोतदार, साळुंखे आणि यादव यांचा. दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि ही पुस्तिका मराठीत काढण्यामागचं एक कारण तेच.

कुसळी आपलीच म्हणून मिरवायची सोय मात्र नाही. हीच जात उष्ण कटिबंधात जगभर आढळते. हवाई बेटांवर तिला ‘पिली’ म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांची घरं पिलीने शाकारलेली असत, अगदी आपल्या वारल्यांच्या घरांसारखी. शेळ्यांनी बोडकी केलेली जमीन सावरायला तिथे आता पिली मुद्दाम लावतात. ऑस्ट्रेलियात मेंढपाळ तिला भाल्याचं गवत म्हणून शिव्या देतात. अमेरिकेच्या टेक्सासात ती मूळचीच, पण अलीकडच्या दशकांत इतकी माजली की लावे पक्ष्यांना वावरायला जागा उरेना. गंमत अशी, की त्याच टेक्सासात आपलं मारवेल बाहेरून आणून लावलं गेलं आणि आज तिथले लोक त्याला परकं तण म्हणून उपटतात. राहुरीत ज्याचं सुधारित वाण निघतं ते टेक्सासात तण ठरतं.

आपल्याकडे सरकारी नकाशावर अशा डोंगरउताराला ‘पडीक’ म्हणतात. पडीक ठरलं की तिथे खाण चालते, किंवा वनमहोत्सवात खड्डे खणून झाडं लावली जातात. गवताळ जमिनीवर सरसकट झाडं लावणं हा मला खाणीइतकाच अडाणीपणा वाटतो, फक्त त्याचे फोटो चांगले येतात.

पुस्तिकेच्या पुढच्या पानांत कुसळीसह डोंगरावरच्या आणि भरावावरच्या गवतांची ओळख आहे: पानावरून, बुंध्यावरून, फुलोऱ्यावरून, आणि मराठी महिन्यांच्या क्रमाने. चित्रं मुद्दाम फुलोऱ्याआधीची दिली आहेत. घरी गाय-म्हैस असेल आणि डोंगरावर किंवा रस्त्याकडेला कुसळी दिसत असेल, तर गणपती गेल्यावर तिच्याकडे रोज एकदा नजर टाकत जा. पोटरी फुगलेली दिसली आणि दोन दिवस ऊन पडण्याची चिन्हं असली, तर विळा घेऊन जा. नवरात्र बसेपर्यंत थांबू नका.